पाच फूट अकरा

लिफ्टचं दार उघडलं आणि आश्लेषाच्या तोंडून निघून गेलं, "अय्या… कारंजं!"

समोर पिवळ्या रेनकोटात, पावसानं निथळत तो उभा होता. चार महिने हा माणूस रोज तिच्या स्क्रीनवर होता. आयर्लंडमधल्या एका आडबाजूच्या काउंटीत जाऊन त्यानं व्हिक्टोरियन काळातल्या वास्तूंचे फोटो काढले होते – कोर्ट, घड्याळाचा मनोरा, कुण्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं. फोटोंवरून ड्रॉइंग्ज करायचं काम मॅसॅच्युसेट्सच्या या विद्यापीठात आश्लेषाकडे आलं होतं. मापाची काठी प्रवासात हरवली, म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक फोटोत स्वतःच काठीसारखा उभा!

"कारंजं नाही, देवांग," तो हसला. "तू आश्लेषा ना? तुझ्या ड्रॉइंगमध्ये प्रॉब्लेम आहे यार. ते कारंजं मी टेपनं मेजर केलं होतं, नऊ फूट. तुझं नऊ फूट चार इंच आलंय. माझी हाइट किती धरलीस?"

"पाच फूट अकरा."

"मी पाच नऊ आहे. अकरा कोण म्हणालं?"

आली का पंचाईत! तो आकडा त्याच्या लग्नाच्या बायोडेटातला होता. इथून जवळच्याच श्रूजबरी गावातल्या पद्मिनी काकूंनी जानेवारीत तो पाठवला, तेव्हा आश्लेषानं न उघडताच नकार कळवला होता. मग फोटो आले, नाव ओळखीचं वाटलं, आणि मेल करून उंची विचारायची सोडून तिनं बायोडेटाच उघडला. नंतर तो रोजच उघडला जाऊ लागला, उंचीचं काही काम नसतानाही. आता खरं सांगितलं तर हा आल्या पावली निघून जाईल!

"आश्लेषा? कोण म्हणालं?"

"तुमचा… बायोडेटा."

देवांगच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "न बघता नो म्हणालेली मुलगी – ती तू?"

"हो. पण मग बघितलं. रोज. प्रत्येक फोटोत आधी तुम्हाला शोधते, मनोरा नंतर. सवय झालीय की… मला खरंच काही कळत नाहीये."

त्याचे कान लाल झाले. "आईनं दोन इंच वाढवले," तो पुटपुटला. मग खिशातली टेप काढून त्यानं तिच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून थेट फोटोतल्यासारखा ताठ उभा राहिला. "आता तूच मेजर कर."

टाचा उंचावून तिनं त्याच्या ओल्या केसांवर टेप धरली. तो श्वास रोखून होता, आणि तीही.

"पाच फूट साडेआठ."

"अर्धा इंच मी वाढवला," तो हळूच म्हणाला. "आता बघून सांग. परत नो?"

"सगळी ड्रॉइंग्ज पुन्हा करावी लागणार मला."

"ते ओके. पण माझं काय?"

"हो."

"हो म्हणजे… नो?"

"हो म्हणजे हो, रे!" आश्लेषा म्हणाली, आणि टेप हातातून सुटून खर्रकन आत गेली.