रिकामं हाये, लावा

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण ज्या दोघांनी हे कानांनी ऐकलं, ते दोघंही आज जालन्यात आहेत आणि दारू पिणारे नाहीत.

तारीख १६ फेब्रुवारी २०२५. रविवार.

रात्र नव्हती. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते आणि बाहेर उजेड होता.

ठिकाण म्हणजे अंबड रस्त्याचं एक क्रीडा संकुल. नाव लिहीत नाही, कारण तिथं आजही सामने होतात, ऑर्केस्ट्रा होतो, लग्नंही लागतात. भागवत तिथला व्यवस्थापक. माझा मावसभाऊ. त्यानं हे बाकी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण माझीही बायको गेली आहे.

ते संकुल उभं केलं ते भागवतच्या बायकोनं. सुरेखानं. ती भोकरदनची, शाळेत खेळाची शिक्षिका, स्वतः कबड्डीची खेळाडू. मुलींना खेळायला छप्पर पाहिजे म्हणून सात वर्षं अर्ज घेऊन दारोदार फिरली. समितीचे अध्यक्ष राधेश्यामजी पाटीवर पहिले, पण काम सगळं सचिव सुरेखाचं. कुठली खुर्ची मोडली हेसुद्धा तिला पाठ.

पहिल्याच वर्षी एक प्रकार झाला. कार्यक्रमानंतर झाडणारी एक म्हातारी रांगांमध्ये झोपली आणि रात्रभर आत कोंडली गेली. सकाळी ती बाहेर आली तेव्हा तिला बोलता येईना.

त्या दिवशी सुरेखानं नियम केला.

गर्दी गेली की ती आतून सगळ्या रांगा फिरायची. सहाशे खुर्च्या. एकेक रांग. भागवत पुढच्या गेटवर कुलूप घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "आत कुणी हाये का?"

मागच्या गेटवरून तिचा आवाज यायचा, "रिकामं हाये, लावा!"

मगच दोन्ही गेटं लागायची. अकरा वर्षं असंच चाललं. लोक हसायचे. "नवरा-बायकोचं कीर्तन सुरू झालं" म्हणायचे.

मग आली २०२४ ची फेब्रुवारी.

मुलींचे अंतिम सामने होते. साडेपाचला मैदान रिकामं झालं. सुरेखा सकाळपासून पाठ दुखते म्हणत होती. तरी रांगा बघायला आत गेली. सव्वासहाला भागवतनं आवाज दिला.

उत्तर आलं.

"रिकामं हाये, लावा!"

त्यानं कुलूप लावलं. पंचांना संभाजीनगरच्या बसवर सोडायचं होतं, म्हणून तो थांबला नाही. सुरेखा मुलींसोबत रिक्षानं जाईल असं त्याला वाटलं. बऱ्याचदा ती तशीच जायची.

आठ वाजले तरी ती घरी नव्हती. फोन वाजत होता, उचलत नव्हती. तो परत संकुलावर गेला. बाहेरून पुन्हा फोन लावला...

फोन आत वाजला.

सुरेखा पाचव्या रांगेत पडली होती. मागच्या गेटाची किल्ली मुठीत होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. सहाच्या आधीच गेल्या.

सहाच्या आधी.

मग सव्वासहाला उत्तर कुणी दिलं?

कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. भास झाला असेल म्हणाले. सुरेखाचा धाकटा भाऊ पुंजाराम तेराव्याला सगळ्यांसमोर बोलला, "दाजी, डॉक्टरचं घड्याळ काय देवाचं असतं का? तुम्ही आवाजच देला न्हाई. दहा पावलं आत गेले असते तं माही ताई जिती असती."

त्यानंतर पुंजाराम त्याच्या घरी आला नाही.

भागवतला दुसरं काही नको होतं. आपण खरंच आवाज दिला होता का, उत्तर खरंच आलं होतं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. तो वर्षभर झोपला नाही. कामावर जायचा, पण कुलूप लावायची वेळ आली की दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायचा.

वर्ष झालं तसे सुरेखाच्या नावानं सामने ठेवले. पुंजाराम आला, बहिणीसाठी. बक्षिसं वाटून झाली. गर्दी गेली. राधेश्यामजी गाडीत बसता बसता म्हणाले, "भागवतराव, आता कॅमेरे लावलेत. मोबाईलवर बघा आन् लावा कुलूप. ते ओरडणं बस झालं."

भागवतनं किल्ली घेतली. पुंजारामला म्हणाला, "पाच मिनटं थांब माह्यासोबत."

"कशाला?"

"आवाज देतो. काही आलं न्हाई तर तू म्हणतो ते मी मान्य करतो. वेडा झालो म्हणून सांग सगळ्यांना."

पुंजाराम शेजारी उभा राहिला.

समोर सहाशे खुर्च्या. पंखे बंद. खारीचासुद्धा आवाज नाही.

"आत कुणी हाये का?"

काहीच नाही...

काहीच नाही...

पुंजाराम मान हलवून वळला. तेवढ्यात...

"रिकामं हाये, लावा!"

पुंजाराम जागच्या जागी बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. "दाजी... ताई हाय वो. ताईच हाय. माफ करा मला. खरं बोलत होते तुम्ही."

भागवतही रडला. वर्षाचं ओझं उतरलं म्हणाला. त्याचा हात आपोआप साखळीकडे गेला. कुलूप कडीत घातलं...

आणि हात थांबला.

त्या दिवशीही हेच उत्तर आलं होतं. हाच आवाज. आणि त्या दिवशी आत रिकामं नव्हतं.

"दाजी, लावा की. ताई म्हणली ना."

"तू इथंच थांब. हे धर." भागवतनं कुलूप-किल्ली त्याच्या हातात दिली आणि आत गेला.

पहिली रांग. दुसरी. तिसरी.

पाचव्या रांगेत कुणीतरी पडलं होतं.

हिरवं लुगडं. भागवतला क्षणभर सुरेखाच वाटली... पण ती झाडणारी तुळजाबाई होती. अंग घामानं भिजलेलं, डोळे अर्धे उघडे. साखर उतरली होती. श्वास चालू होता.

"तुळजाबाई! इथं काय करून राह्यलात?"

ती पुटपुटली, "बाईंनी सांगितलं... इथं बस म्हणल्या, दमली असशील... इथंच बस..."

"कोण बाई?"

तिचे डोळे मिटले.

भागवत तिला उचलायला खाली वाकला. तेवढ्यात पुढच्या गेटवरून हाक आली...

"आत कुणी हाये का?"

तो पुंजारामचा आवाज नव्हता.

तो भागवतचा स्वतःचा आवाज होता.

त्यानं ओरडायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच, अगदी कानाजवळून, पाठीमागून...

"रिकामं हाये, लावा!"

साखळी वाजली. कुलूप बसल्याचा आवाज आला.

भागवत किंचाळत गेटाकडे धावला. दोन्ही हातांनी गेट बडवलं. पुंजारामनं त्याला आत बघितलं आणि त्याच्या हातातून किल्ली पडली. कुलूप उघडायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

"असं कसं लावलंस रे कुलूप? मी आत असताना?"

पुंजाराम पांढराफटक पडला होता.

"दाजी... तुम्ही तर माह्या बाजूलाच उभे होते ना. तुम्हीच हाक मारली. तुम्हीच म्हणले, आता लाव."

तुळजाबाईला दवाखान्यात नेलं. ती वाचली. तिला काही आठवत नाही. कॅमेऱ्यातलं मी स्वतः बघितलं आहे. गेटवर पुंजाराम एकटाच आहे. पण कुलूप लावायच्या आधी तो उजवीकडे बघतो, ऐकतो आणि मान डोलावतो.

आता पुंजाराम दर रविवारी डबा घेऊन भागवतकडे येतो. दोघं सोबत जेवतात. त्या दिवसाचा विषय काढत नाहीत.

मी एकदा भागवतला विचारलं, "वहिनीच होती का रे ती?"

तो मग म्हणाला, "आवाज तिचाच व्हता. पण सुरेखा न बघता 'रिकामं' कधीच म्हणली न्हाई. आतल्या माणसाला कोंडा म्हणून ती सांगनच कशी?"

"मग कोण?"

"ते माहीत न्हाई."

कुलूप आता पुन्हा तोच लावतो. रोज सहाशे खुर्च्या स्वतः बघतो. एकेक रांग. किल्ली खिशातच ठेवतो, कुणाच्या हातात देत नाही. हाक मारत नाही.

पण कुलूप लावल्यावर थोडा वेळ गेटाला कान लावून उभा राहतो. मी बघितलं आहे.

आतून आवाज आला तर काय, याची त्याला भीती वाटते. आणि आला नाही, की घरी जाऊन त्याला घास गिळवत नाही.

मला ते कळतं. म्हणूनच मी त्याला 'तिथं नको जाऊ' म्हणू शकलेलो नाही.