फालशाला पाणी कोण घालतं?

“शुक्रवारी सकाळी लाकूडतोड्या सांडू कुऱ्हाड घेऊन येणारे,” जिब्रानने बातमी दिली, आणि सर्व्हिस करायला निघालेली तनुजा रॅकेट उगारलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिली.

“कशाला?”

“फालशाचं झाड तोडायला. अब्बांनी सांगितलं त्याला.”

जिब्रान होता दहा वर्षांचा, आणि त्याच्या दहा बातम्यांपैकी नऊ थापा असत. म्हणून तनुजाने त्याच्या मोठ्या बहिणीकडे, लुबनाकडे पाहिलं. लुबना तोंड पाडून पायरीवर बसली. म्हणजे ही बातमी दहावी होती.

शहागंजच्या मागच्या गल्लीत लुबना-जिब्रानचं घर आणि तनुजाचं घर समोरासमोर होतं. मध्ये दोन स्कूटर जेमतेम जातील एवढाच रस्ता. पण लुबनाच्या घरामागे एक अंगण होतं, आणि त्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून, तिच्या दादांचा, म्हणजे आजोबांचा, फालसा होता. गल्लीतल्या प्रत्येकाने लहानपणी तो चोरून खाल्ला होता. खरं तर चोरायची गरज नव्हती, जब्बारदादा मागितला तरी देत. पण चोरलेल्याची चव वेगळी.

जब्बारदादा एसटीत ड्रायव्हर होते. वैजापूरच्या गाडीवर त्यांची उमर गेली. एकदा आवडाबाई नावाच्या एका म्हातारीसाठी त्यांनी गाडी वैजापूरच्या स्टँडवर थांबवून धरली. तिची लेक इथल्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती, आणि ती शेवटची गाडी होती. आत बसलेल्यांनी आरडाओरडा केला, कंडक्टर रुसला, पण दादांनी गाडी हलवली नाही. लेक आणि नातू दोघं सुखरूप राहिले. पुढे कधीतरी आवडाबाईंनी त्याच स्टँडवर दादांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी ठेवली. त्या काडीचा हा फालसा.

झाडही मोठं इमानी. दर डिसेंबरात दादा त्याची छाटणी करून पार गुडघ्याएवढं ठेवत. नवीन माणूस पाहून हळहळे, म्हाताऱ्याने झाडाचा जीव घेतला म्हणे. पण होळीपर्यंत नव्या फांद्या डोक्याच्या वर जात, पिवळी फुलं येत, आणि मे महिन्यात वाटाण्याएवढी जांभळी, आंबटगोड फळं. मग ओट्यावर शरबताचा माठ. पोस्टमन येवो, भाजीवाली येवो, नाहीतर पत्ता चुकलेला कुणी येवो, फालशाचं शरबत प्यायल्याशिवाय त्याची सुटका नसे.

आणि या वर्षी? तिघं अंगणात गेले तेव्हा तनुजाला बघवेना. पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या होत्या. भिंतीकडच्या फांद्या तर पार वाळक्या. अंगणाकडच्या एकाच फांदीवर तेवढी थोडी फळं धरली होती.

दादा खाटेवर बसले होते. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते झाडाजवळ उकिडवे बसू शकत नव्हते.

“दादा, तुम्ही हो म्हणालात?” तनुजाने विचारलं.

“आता काय सांगू बेटा. मागच्या साली पण फळ कमी. या साली हे असं. माझा याह्या म्हणतो, झाडाची उमर झाली, काढू अन् स्कूटर आत घेऊ. त्याचंबी खोटं नाय.” त्यांनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. “माझीच छाटणी चुकली असंल. हात कापतात आताशा.”

दादांची छाटणी चुकेल? एक वेळ घड्याळ चुकेल. तनुजा तरातरा झाडाकडे गेली आणि खोडापाशी गुडघे टेकून बसली. उठली तेव्हा गुडघ्यांना चिखल लागला होता.

“लुबना, तुम्ही झाडाला पाणी कधी घातलं?”

“वेडी झालीस का? नळाला पाणी येऊन किती दिवस झाले! अम्मी आंघोळीलासुद्धा तांबे मोजून देते.”

“मग हा चिखल कसला?”

तिघांनी खाली पाहिलं. सगळं अंगण भाकरीसारखं कोरडं ठणठणीत, आणि फालशाच्या बुडाशी तेवढी माती ओली. ओल्या मातीच्या कडेला पांढरी पूड साचली होती. लुबनाला तो चुना वाटला. तनुजाला वाटलं, कुणीतरी विष घातलं. त्यांचा वाद रंगात येईपर्यंत जिब्रानने ती बोटावर घेऊन चाटलीसुद्धा.

“थू! खारट आहे.”

“विष असतं म्हणजे?” लुबनाने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“विष असतं तर तू मला मारलं नसतंस. रडली असतीस.”

त्या दुपारी, म्हणजे गल्लीतली सगळी मोठी माणसं कूलरपुढे आडवी झाली तेव्हा, तिघं दादांच्या खाटेखाली पोटावर पडून पहारा देत होते. वर दादा घोरत होते. तनुजाची खात्री होती, कुणीतरी बादली घेऊन भिंतीवरून डोकावणार. चोर कसा दिसतो हे तिने मनात ठरवूनही टाकलं होतं. मिशा असणार, आणि तो पावलं न वाजवता येणार.

कुणी आलं नाही. भिंतीपलीकडे कसलीतरी मोटर सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. आणि थोड्या वेळाने कुणीही न घालता फालशाच्या बुडाशी माती बुडबुडायला लागली.

“जमिनीतून येतंय!” जिब्रान ओरडला, आणि उठताना खाटेच्या दांडीला डोकं आपटून घेतलं. दादा कूस बदलून पुन्हा घोरू लागले.

लुबनाने स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं. वीतभर उकरलं तोच टोकाला काहीतरी लागलं. हिरवी प्लास्टिकची नळी, थेट भिंतीखालून आलेली. तनुजाने धार ओंजळीत घेऊन जिभेवर टेकवली आणि तोंड वाकडं केलं. पुडीची चव आणि पाण्याची चव एकच होती.

भिंतीपलीकडे होता विश्वजीतकाकांचा थंड पाण्याच्या जारचा धंदा. त्यांचे निळे जार सगळ्या शहागंजात जात. त्यांना मिशाही होत्या. तनुजाने मनातल्या मनात खटला निकालात काढला.

रिकामा जार खांद्यावर घेऊन तिघं गिऱ्हाईक म्हणून तिथे गेले. आत बोअरचं पाणी मोठ्या मशिनमध्ये जात होतं. मशिनमधून दोन नळ्या बाहेर पडत. एक गोड्या पाण्याच्या टाकीत जाई. दुसरी, हिरवी, जमिनीवरून सरपटत भिंतीकडे गेली होती.

“काका, ही कुठं जाते?” लुबनाने भोळा चेहरा करून विचारलं.

“ते उरलेलं पाणी. मशिन गोडं पाणी काढून घेतं, अन् राहिलेलं ते टाकतं. पण टाकायचं कशाला? सगळं गाव पाण्याला तरसतंय. झाडाला तरी जावं.”

“झाड मरतंय त्यानं,” तनुजा ताडकन बोलली. सगळं नाटक तिथेच संपलं. “दादांचा फालसा. शुक्रवारी तोडणारेत.”

काकांचा हात जारवर तसाच राहिला. “तोडणार? अगं पण म्हणूनच तर मी...” ते मध्येच थांबले. मग जरा रागानेच म्हणाले, “पाण्यानं कधी झाड मेलंय व्हय? पाण्यावाचून मरतंय. जा, उन्हात फिरू नका.”

घरी लुबनाच्या अब्बांनी, याह्यांनीही हेच सांगितलं, फक्त आवाज चढवून. “विश्वजीतभाई सोन्यासारखा शेजारी. उगं आळ घेऊ नका कुणावर. पाण्याची किंमत नाय तुम्हांला, म्हणून असं सुचतं.”

तिघं पुन्हा पायरीवर येऊन बसले. याह्यांचं तरी काय चुकलं? ज्या गावात नळाचं पाणी सणासारखं येतं, तिथे पाण्याला वाईट म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार?

“त्यांना सांगून पटणार नाही,” तनुजा म्हणाली. “झाडाला बोलता आलं असतं ना, त्यानेच सांगितलं असतं.”

“झाडाला येत नाही,” जिब्रान म्हणाला, “पण काकांना येतं. झाड जे पितं ते त्यांना पाजू.”

लुबनाने त्याच्याकडे पाहिलं आणि मघाचा धपाटा परत घेतल्यासारखा त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवारी सकाळी सांडू आला. कुऱ्हाड भिंतीला टेकवून तो चहा फुंकत बसला. तेवढ्यात तनुजा दादांच्या खाटेजवळ गेली. “दादा, त्या फांदीवरचे फालसे तोडू? शेवटचं शरबत करतो. विश्वजीतकाकांनापण बोलावतो.”

दादांनी नुसती मान हलवली. त्यांनी तोंड झाडाकडे केलं नव्हतं, आणि तनुजाला ते फार लागलं.

फळं कुस्करली, गाळली, साखर पडली. लुबनाने दोन भांड्यांत शरबत केलं. एक जारच्या गोड्या पाण्याचं, एक हिरव्या नळीच्या पाण्याचं. दादांना आणि सांडूला पहिल्यातलं मिळालं. याह्या आणि विश्वजीतकाकांना दुसऱ्यातलं.

काकांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला, कितीतरी वर्षांची ओळख असल्यासारखा. पुढच्या क्षणी त्यांचे डोळे उघडले. घोट गिळवेना आणि दादांसमोर थुंकवेना. याह्यांनी तसली भीड ठेवली नाही, ते सरळ मोरीकडे धावले.

“काळं मीठ सांडलं का गं सगळं?” याह्या तिकडून ओरडले.

“मीठ चिमूटभरसुद्धा घातलं नाही, अब्बा,” लुबना म्हणाली. “ते हिरव्या नळीचं पाणी आहे.”

“आपण एक घोट नाही पिऊ शकत,” तनुजा म्हणाली, “आणि झाड हेच पितंय. दुसरं काही नाहीच त्याला. तुम्ही असं का केलंत, काका? दादांनी तुमचं काय वाईट केलं होतं?”

विश्वजीतकाका मटकन पायरीवर बसले. मिशांचा सगळा रुबाब उतरला होता.

“वाईट?” ते म्हणाले. “अगं पोरी, सातवीत होतो. सुट्टीत सायकलीवर बर्फाच्या लाद्या पोचवायचो. एकदा मे महिन्यात ह्याच घराच्या पुढच्या पायरीशी चक्कर येऊन पडलो. शुद्ध आली तवा डोकं दादांच्या मांडीवर, अन् तोंडाला फालशाचं शरबत. बर्फ सगळा वितळून गेला होता. दादा मालकाकडं माझ्यासंगं आले, म्हणले, पोराला बोलायचं नाय.” त्यांनी ग्लासकडे पाहिलं. “धंदा टाकला तवा ठरवलं, दादांच्या झाडाला कधी पाणी कमी पडू द्यायचं नाय. दवंडी पिटल्यागत सांगत कशाला बसायचं? उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये म्हणत्यात. रोज ती नळी बघून मला बरं वाटायचं. अन् मी तर त्याला मारायलाच लागलो होतो, दादा.”

तनुजाची मान खाली गेली. तिला चोर हवा होता, आणि सापडला होता हा माणूस.

दादा मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “म्हणजे माझी छाटणी चुकली नव्हती?”

“नव्हती, दादा,” तिघं एकदम म्हणाले.

“या अल्ला. केवढं ओझं उतरवलंत रे पोरांनो.” मग त्यांनी विश्वजीतकाकांना हात धरून जवळ बसवलं. “अन् तू रे, लाद्यावाल्या. एका ग्लासासाठी इतकी सालं याद ठेवलीस? माझं तर नशीब मोठं.”

“कसं फेडू सांगा, दादा.”

“मीबी आवडाबाईला म्हणलो होतो, मावशी, काडी कशाला, मी काय केलं? ती म्हणली, डायवरसाहेब, फेडायचं नसतं, लावायचं असतं.” दादांनी झाडाकडे तोंड वळवलं. “बघू आता हे ऐकतं का. ती पांढरी माती खरवडून काढा. अन् गोडं पाणी, भरपूर, खोल जाईस्तोवर.”

मग जे झालं ते गल्ली अजून सांगते. विश्वजीतकाकांनी नळी स्वतः उपटली. त्या दिवशीचे निळे जार गिऱ्हाइकांकडे गेलेच नाहीत, सगळे फालशापाशी रिते झाले. याह्या कुदळ घेऊन माती काढत होते, आणि मधूनच पोरांकडे बघून म्हणत होते, “आळ घेतला म्हणलो होतो ना मी? चुकलंच माझं. पोरांनी डोळे उघडले.” सांडूने कुऱ्हाड चालवली ती फक्त वाळक्या फांद्यांवर. मशिनच्या उरलेल्या पाण्याने आता फरशी आणि गाड्या धुतल्या जातात.

शाळा सुरू व्हायच्या आधल्या संध्याकाळी जिब्रान धावत आला आणि म्हणाला, “फालशाला पालवी फुटली.” तनुजाने लुबनाकडे पाहिलं. लुबना हसत होती. म्हणजे हीसुद्धा थाप नव्हती.

डिसेंबरात दादांनी खाटेवर बसून छाटणी सांगितली, आणि तिघांनी केली. छाटलेल्या काड्यांतल्या चार दादांनी निवडल्या. तीन काड्या त्यांनी पोरांच्या हातात दिल्या. “ह्या तुमच्या. झाड तुम्ही राखलंत, आता तुमचं तुम्ही लावा.” चौथी काडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तनुजाला म्हणाले, “ही भिंतीपलीकडं देऊन ये बेटा. अन् सांग, पाणी टाकायच्या आधी स्वतः पिऊन बघ म्हणावं.”

तनुजा गेली तेव्हा विश्वजीतकाकांनी आधीच खड्डा खणून ठेवला होता. खड्ड्याशेजारी गोड्या पाण्याचा एक जार भरलेला होता, आणि त्यावर एक ग्लास पालथा घातला होता.