तरवडाची माळ

बहात्तरच्या साली मंद्रूपच्या माळावर हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. फुलला होता तो एकटा तरवड, पिवळाधम्मक! नवरात्रात घटाला दुसरी फुलं आणायची कुठून? निलव्वा रोज सकाळी टोपली घेऊन माळावर यायची.

त्या दिवशी भरली टोपली दगडावर ठेवून ती पलीकडच्या झुडपाकडे वळली. परत येते तो काय... रस्त्याच्या दुष्काळी कामावरचा नवा मुकादम, रेवणप्पा, तिचं फूल नाकाला लावून उभा! वर तेच फूल त्यानं परत टोपलीत टाकलं.

"अवो! वास घेतलेलं फूल देवीला चालतंय व्हय?"

"एकाचाच घेतला की..."

"कुठल्या एकाचा? दावा बरं!"

त्यानं टोपलीत पाहिलं. सगळी फुलं सारखीच! निलव्वानं टोपली तिथंच पालथी केली.

"आता तोडा पुन्यांदा."

एवढा धिप्पाड गडी, पण निमूट फुलं तोडायला लागला. निलव्वाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो आधीच हजर.

"आज कशाला आलासा?"

"तू येतीस म्हणून..."

बाई गं! तिच्या काळजात लक्कन हललं. घटावर माळा चढत गेल्या, अन् हिचा जीव त्याच्यात गुंतत गेला.

आठव्या माळेला घरात कळलं, दसऱ्याला अक्कलकोटची माणसं सुपारी फोडायला येणार. निलव्वा तडक माळावर गेली.

"आजच येऊन अप्पांना विचारा."

"माजी नोकरी दुष्काळापुरती... अप्पा काय म्हणतील?"

"ते अप्पा सांगतील. तुमचं काय म्हणनं हाय?"

"मला तूच पायजेस."

"मग या की!"

तो आला. तिच्या वडलांपुढं, गुरुबसप्पांपुढं बसला, आणि खडीबद्दल बोलायला लागला! खडी झाली, चारा झाला, चहा संपला. अप्पा उठायला लागले. दाराआड निलव्वाचा जीव खालीवर. आता गप्प बसलं तर संपलंच! ती सरळ सोप्यात आली.

"अप्पा, हे खडीसाठी न्हाय आले. मला मागायला आल्यात. आन् मलाबी हेच पायजेत."

अप्पांनी रेवणप्पाकडे रोखून पाहिलं.

"खरं हाय का रं?"

"व्हय..."

"हिच्यापुढं जन्मभर एवढंच बोलाय मिळंल तुला. चालंल?"

"चालंल की!" रेवणप्पा केवढ्यानं तरी ओरडला.

"मग अक्कलकोटला आजच सांगावा धाडतो," अप्पा म्हणाले. आणि एवढी धीट निलव्वा, तोंडाला पदर लावून आत पळाली.