उजव्या गालावरचा उजेड

नवद्वीपच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात भवतोष कुंडूचा फोटो अकरा वर्षांत एकदाही लागला नव्हता. टपालखात्यातून निवृत्त झालेला हा सालस माणूस दर साली नव्या उमेदीने फोटो द्यायचा, आणि परीक्षक मृगांकदा तो परत त्याच्या हातात ठेवायचे. "अरे भवतोष, फोटो आहे की रथयात्रा? गर्दी दिसली, माणूस कुठाय?"

भवतोष टोमणा गिळायचा, पण शिकायचा. लांबचं जवळ ओढणारं महागडं भिंग विकून त्याने जुनं साधं भिंग घेतलं आणि स्वतःच्या पायांनी जवळ जायला लागला. संगणकावर रंग भडक करायची खोड मोडली. चौकटीच्या कडेला काय घुसतंय ते आधी पाहायचं, मगच बटण दाबायचं.

यंदा फाल्गुनात म्हाताऱ्या कीर्तनकार गौरमोहन गोस्वामींच्या नाटमंदिरात, देवळापुढच्या कीर्तनाच्या मंडपात, तो दुपारभर चटईवर बसून राहिला. कीर्तन ऐन रंगात आलेलं. गौरमोहनांच्या डाव्या हाताच्या खिडकीतून ऊन येत होतं. उजव्या हाताला इथल्या वैष्णवांचं दैवत असलेल्या महाप्रभूंसाठी मांडलेलं रिकामं आसन, त्यावर काळी घोंगडी. कीर्तन असेल तिथे ते येऊन बसतात, म्हणून ती जागा कुणी ओलांडतसुद्धा नाही. विरहाच्या पदावर म्हाताऱ्याचा आवाज चिरकला, डोळे भरून आले. भवतोषने सात वेळा बटण दाबलं.

घरी संगणकावर सहावा फोटो उघडला आणि तो थबकला. उजवा गाल काळोखात असायला हवा होता. तो मऊ, चंदनी उजेडात न्हाला होता. सुरकुती न् सुरकुती दिसत होती. सवयीने त्याने तो भाग गडद केला. चेहरा मेला. होता तसा केला. चेहरा पुन्हा गाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याने गौरमोहनांना त्याच जागी बसवून फोटो काढला. उजवा गाल कोळशासारखा.

"काय रे," गौरमोहन हसले, "कीर्तन नसलं की माझं तोंड काळं?"

भवतोषला हसू आलं नाही.

नैसर्गिक उजेडाच्या विभागात दिवा चालत नाही, उजेड परतवणारा पांढरा फळाही चालत नाही. भवतोषने त्याच विभागात दिलेला फोटो मृगांकदांनी पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"उजवीकडे फळा कुणी धरला होता?"

"कुणी नाही, दादा. तिकडे आसन होतं."

"काळी घोंगडी उजेड गिळते रे, देत नाही. या वयात लबाडी, भवतोष?"

अकरा वर्षांत असा शब्द त्याने ऐकला नव्हता. "महाप्रभूंची शपथ, दादा."

"शपथ नको. त्या दुपारचे मूळ फोटो ओळीने दाखव."

पहिल्या फोटोत उजेड फक्त आसनाशेजारच्या मृदंगाच्या कडेला होता. दुसऱ्यात खांद्यावर. तिसऱ्यात गळ्यावर. पुढे दर फोटोत तो जवळ जवळ येत होता, आणि सहाव्यात गालावर ओघळलेल्या आसवात उतरला होता. खिडकीतलं ऊन मात्र सहाही फोटोंत तिळभर हललं नव्हतं.

मृगांकदा उठले आणि सहावा फोटो स्वतःच्या हाताने भिंतीवर मधोमध लावला. खाली सुवर्णपदकाची फीत अडकवली. सगळं मंडळ टाळ्या वाजवत उभं राहिलं.

"माणूस टिपलास रे," त्यांनी भवतोषला छातीशी धरलं. "माझं बोलणं मनावर घेऊ नकोस."

भवतोष लहान पोरासारखा रडला.

गर्दी पांगल्यावर मृगांकदांनी हळूच विचारलं, "सातवा कुठाय?"

"तो टाकाऊ आहे, दादा. खालच्या कडेला माझाच गुडघा आलाय."

"दाखव तर."

सातव्यात गौरमोहनांचा उजवा गाल काळाठिक्कर होता.

उजेड भवतोषच्या गुडघ्यावर होता. धोतराचा धागा न् धागा मोजता येईल, इतक्या जवळून पडलेला.