हिरव्या गुरुवारचं सूप

"योस्ट, थांब! तोंडात घालू नकोस!"

फ्रीडाच्या ओरडण्यानं तिच्या मावसभावाचा हात टोपलीवरच थबकला. "एकच पान घेत होतो. डीटमारकाका काही मोजून ठेवत नाहीत!"

ईस्टरच्या सुट्टीतला हिरवा गुरुवार. या दिवशी जर्मनीतल्या लान नदीच्या खोऱ्यात सगळे काहीतरी हिरवं खातात. डीटमारकाकांच्या खानावळीत रानलसणाचं सूप फुकट मिळतं, त्यामुळे गावातल्या भाविकांची संख्या एकदम वाढते.

"हे बघ," फ्रीडानं टोपलीतून एक जुडी उचलली. "रानलसणाचं प्रत्येक पान आपापल्या देठावर येतं. इथं तीन पानं एकातून एक निघालीत. देठच नाही!"

ती जुडी घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली, मागोमाग योस्ट. पातेल्यात बटाटे रटरटत होते.

"काका, ही पानं कुठली?"

"नदीकाठच्या कुरणातली. जंगलात कोण वाकत बसणार?"

फ्रीडानं हातातली जुडी पुन्हा निरखली. त्याच कुरणात शरदात बिनपानांची जांभळी फुलं येतात. त्यांना गाईसुद्धा तोंड लावत नाहीत, इतकी ती विषारी. आणि त्यांची पानं उगवतात वसंतात, ओळखायला फूल नसतं तेव्हा!

"काका, यात विष आहे!"

"तुझी आई पाळण्यात होती, तेव्हापासून सूप करतोय मी! हा घे वास!" काकांनी त्याच जुडीतलं एक पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं.

वास लसणाचाच होता.

"लसूणच की गं," योस्ट पुटपुटला.

बाहेर लोक बाकांवर चमचे वाजवत होते. फ्रीडाची नजर काकांच्या हातांवर गेली. सकाळभर पानं खुडून बोटं हिरवीगार झाली होती.

"काका, डोळे मिटून ओळखाल?"

"झोपेतसुद्धा!"

"योस्ट," ती कुजबुजली, "पायातला मोजा काढ."

"सोमवारपासून घातलाय!"

"काढ म्हणते ना!"

काकांनी डोळे मिटले, हातात आलेली वस्तू चांगली चोळली, हुंगली. "अस्सल रानलसूण! जरा जून आहे, पण शिजेल."

दारात जमलेली मंडळी खो खो हसली. काकांनी डोळे उघडले. हातात पट्ट्यापट्ट्यांचा मोजा!

"वास पानाला नाही काका, तुमच्या बोटांना आहे!"

टपालवाल्या इर्मगार्टबाईंनी ती जुडी आपल्या स्वच्छ हातांनी चुरगाळली. "लसूण कुठला, नुसता गवताचा वास!"

हसू थांबलं. काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. निवडत बसायला कुणीच धजावलं नाही. टोपल्याच्या टोपल्या फेकल्या गेल्या आणि परसातला पालक चिरला गेला.

"सगळं गाव वाचवलंस, पोरी!" दारातल्या गर्दीतून फ्रीडाचे आजोबा म्हणाले. आजवर त्यांनी फक्त हवामानाचं कौतुक केलं होतं.

काकांनी दोनदा साबणानं हात धुतले आणि पहिला वाडगा सगळ्यांसमोर स्वतः संपवला. दुसरा फ्रीडापुढे ठेवला. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस हात बांधून उभा राहिला.

"चालेल का, बाईसाहेब?"

फ्रीडानं चमचा तोंडात घातला. सगळं गाव बघत होतं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

काका निमूटपणे मीठ आणायला गेले.