पाचव्या चाकाची साक्ष

"माझा बाप माफी मागणार न्हाई," केवळा म्हणाली आणि तिने हातातल्या करंजीचे तीन तुकडे केले. सगळ्यात मोठा तुकडा स्वतः घेतला. रागात असली की तिला भूक लागायची.

"पण रायभानमामा तर हो म्हणलेत की," आश्रुबा म्हणाला. "आज चार वाजता. पारावर. माझ्या आईनं त्याच्यासाठी धुणंबी लवकर उरकलंय."

"आबा कुणालाबी हो म्हणतेत. परवा कुत्रं मागं लागलं तर त्यालाबी 'हो हो' म्हणत पळत होते."

एकोणीसशे शहाऐंशी सालची दिवाळीची सुट्टी होती. बोरी गावात दिनकररावांच्या गोठ्यासमोर तिघं एका बैलगाडीवर बसली होती. केवळा सातवीत, आश्रुबा सहावीत. तिसरा बन्सीधर, सातवीतच, गणितात पहिला आणि दिनकररावांचा मुलगा. त्यामुळे आपण या बैठकीत नेमके कुणाच्या बाजूने आहोत हे त्याला ठरवता येत नव्हतं. करंजी मात्र त्याने घेतली होती.

समोर जीप उभी होती. सगळं भांडण तिचंच होतं.

दिनकररावांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. केवळाचे वडील रायभान सहा वर्षं ती चालवत होते. एरवी तिची मागची दोनच चाकं जोर लावायची. पण गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, तो वर ओढला की चारही चाकं एकदम कामाला लागायची. मग पोटापर्यंत काळ्या चिखलात रुतलेली जीपसुद्धा म्हशीसारखी अंग झटकून बाहेर यायची.

गेल्या वर्षी दिनकररावांना वाटलं, जीप जरा दांडगी दिसायला हवी. ते हैदराबादहून रुंद आणि उंच चाकं घेऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं, "पाचवं नको का? स्टेपनीला?" दिनकरराव हसले होते. "दोन जोड्या दे. पाचवा बैल कोणी घेतं का?" तेव्हापासून जीपला चार चाकं नवी आणि मागे टांगलेली स्टेपनी मात्र जुनी, लहान, अरुंद. चार पैलवानांच्या मागे एखादं आजारी पोरगं उभं केल्यासारखी ती दिसायची.

पाडव्याला संध्याकाळी रायभाननी जीप धडधाकट आणून लावली. भाऊबीजेला ते बहिणीकडे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जीप सुरू केली, गिअर टाकला आणि छोट्या दांड्याखालच्या मधल्या डब्यातून असा आवाज आला, जणू कुणी लोखंडी फुटाणे खायलंय. जीप जागची हलली नाही.

दिनकरराव म्हणाले, "भाऊबीजेला माझा गुडघा दुखत होता. जीप गोठ्यातच होती. म्हणजे पाडव्याला तूच मोडलीस. पारावर चूक कबूल कर आणि चावी ठेव."

चावी ठेवायची म्हणजे नोकरी गेली. आणि पारावर कबूल करायचं म्हणजे साऱ्या जिंतूर तालुक्यात कुणी रायभानच्या हातात साधी सायकल दिली नसती.

"आबांनी मोडली न्हाई," केवळा खाली उतरली. "जीपच सांगंल."

तिने जीपला एक फेरी घातली. आश्रुबाने उलट्या बाजूने घातली, आणि मागच्या बाजूला दोघांची टक्कर झाली. तिथेच केवळा थांबली.

"बन्सी, पाडव्याला काकूंनी जीपची पूजा केली तवा स्टेपनीवर काय केलं होतं?"

"हळदीचा पंजा. आई दरवर्षी करती. बाकीची चाकं चिखलात जातेत, हे एकच सवाष्णीसारखं राहतं म्हणती."

"पंजा कुठं होता?"

"टायरच्या मधोमध. जिथं नक्षी असती तिथं."

तिघांनी वाकून बघितलं. टायरच्या कडेला हळदीची तीन बोटं शिल्लक होती. मधोमध काहीच नव्हतं. नक्षी घासली गेली होती आणि तिच्या खाचांत बारीक खडी अडकली होती.

"गोठ्यात टांगलेल्या चाकाला खडी कुठून लागली?" केवळाने विचारलं.

बन्सी चाकापाशी उकिडवा बसला. त्याला उत्तर येत होतं, हीच अडचण होती. त्याने बोटाने दोन-तीन खडे उकरून काढले. मग म्हणाला, "अण्णांना मीच विचारतो. पण आधी पक्कं कळू दे."

बोरीच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाभूळ, तिला टांगलेलं टायर आणि खाली बसलेले चाचा.

"चाचा, भाऊबीजेला आमचे अण्णा इकडं आले होते का?" बन्सीने विचारलं.

"मेरेकू कुछ मालूम नै," चाचा म्हणाले आणि आभाळाकडे बघू लागले. आभाळात काही नव्हतं.

बन्सी हिरमुसला. आश्रुबा मात्र केवळाकडे वळला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "चला. मी म्हणलं नव्हतं का? चौड्या टायरचं पंक्चर चाचाला जमतच न्हाई. ते काम जिंतूरचं."

चाचा उठून उभे राहिले. सहसा ते गिऱ्हाईक आल्यावरही उठत नसत.

"कौन बोल्या रे? परसों उसीच चौडे टायर का पंक्चर मैं निकाल्या. दो कीलां थे, दो. जिंतूरवाले को एक बी नै मिलता."

"असं म्हणता," आश्रुबा म्हणाला. "मग जीप आली कशी इथवर?"

"वो पतला चाक लगाके. डुगडुग डुगडुग करते आए. बडे चाक के नट छोटे चाक में ढीले. तो मालक क्या करे? उपरना फाडके नट में कपडा ठूंसे." चाचांनी खिळ्यांच्या डब्यातून हिरव्या काठाच्या चिंध्या काढून दाखवल्या. "देवगाव फाटे से ऐसेच आए. कुश्त्यां देखने गए थे."

केवळाने हळूच विचारलं, "चाचा, छोटा दांडा?"

"ऊपर. मैं बोल्या, मालक, डांबर पे इसकू नीचे करो. बोले, चार चाकों की ताकद है, कायकू छोडना?" एवढं बोलून चाचांच्या लक्षात आलं की आपल्याला काही मालूम नाही. ते पुन्हा खाली बसले. "मैं कुछ नै बोल्या."

"न्हाई बोललात," केवळा म्हणाली आणि चिंध्या उचलल्या. "पण आबा रोज बोलतेत. डांबरावर छोटा दांडा लावायचा न्हाई म्हणून. चाकं सारखी असली तरी न्हाई. इथं तर सारखीबी नव्हती."

चार वाजता पारावर अख्खी बोरी जमली होती. मधोमध माणिकराव बसले होते. ते दिनकररावांचे चुलते, वय ऐंशीच्या पुढे आणि जन्मभर बैलांची पारख केलेले. त्यांच्या शेजारी दिनकरराव खुर्चीवर. समोर रायभान, तळहातावर चावी घेऊन, प्रसाद धरावा तशी.

"बोल," दिनकरराव म्हणाले.

रायभाननी तोंड उघडलं. तेवढ्यात गल्लीतून दोन चाकं गडगडत आली. एक मोठं, एक लहान. मोठ्याला केवळा आणि बन्सी ढकलत होते. लहानामागे आश्रुबा पळत होता. त्याला ते थांबवता येत नव्हतं. शेवटी ते पाराला धडकून आपोआप थांबलं.

"आबा, तोंड मिटा," केवळा म्हणाली.

"हो हो," रायभान म्हणाले आणि मिटलं.

दिनकरराव उठले. "हे माझ्या जीपचं चाक हाय. कुणी काढलं?"

"मी," केवळा म्हणाली. "जॅक लावून. खाली धोंडेबी लावलेत, जीप पडणार न्हाई. आबांनी शिकवलंय. आबांना सगळं येतं, फक्त भांडता येत न्हाई. ते मी करते."

"बन्सी, घरी जा."

"न्हाई," बन्सी म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्याने वडिलांना न्हाई म्हटलं होतं. त्याने वर बघितलं. आभाळ जागेवर होतं. "अण्णा, भाऊबीजेला तुमी देवगाव फाट्याला गेलता का?"

"माझा गुडघा दुखत होता."

केवळाने हिरव्या काठाच्या चिंध्या वर धरल्या. बायकांमध्ये बसलेल्या मनकर्णाकाकू, म्हणजे बन्सीच्या आई, पुढे आल्या. त्यांनी एक चिंधी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"अहो, हे माझ्या भावानं मानवतहून दिलेलं उपरणं. तुमी म्हणलाव उंदरानं नेलं."

"उंदीर देवगाव फाट्याला गेलता, काकू," आश्रुबा म्हणाला. "गुडघा दुखत असून."

पारावर हसू पसरलं. दिनकररावांचा चेहरा लाल झाला.

"गेलतो. माझी जीप, मी गेलो. टायर बसलं, स्टेपनी लावली. स्टेपनी असती कशाला? लोणचं घालायला?"

हा मुद्दा लोकांना पटला. काही जणांनी मानाही हलवल्या. रायभानची मान सगळ्यात आधी हलली.

"लावायलाच असती," केवळा म्हणाली. "पण छोटा दांडा खाली करून, सावकाश, जवळच्या दुकानापर्यंत. जिंतुरात चार दुकानं लागली, तुमी एकाबी ठिकाणी थांबला न्हाईत. आता बघा."

तिने दोन्ही चाकांवर खडूने एकेक रेघ मारली आणि ती पारापाशी शेजारी शेजारी उभी करून बन्सीसोबत सरळ ढकलत नेली. आश्रुबा मोठ्याने मोजू लागला. प्रत्येक चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या. लहान चाक शाळेच्या भिंतीपाशी थांबलं. मोठं चाक त्याच्या दोन पावलं पुढे.

"दोन पावलं," दिनकरराव म्हणाले. "दोन पावलांनी काय होतंय?"

"दहा फेऱ्यांत दोन पावलं," बन्सी म्हणाला. त्याने खिशातून वहीचा कागद काढला. "देवगाव फाट्यापासून बोरी चाळीस किलोमीटर धरू. सतरा हजार फेऱ्या होतेत. म्हणजे तीन किलोमीटरच्या वर फरक. अण्णा, तुमी गावात आलात तवा खरं तर ते चाक अजून तीन किलोमीटर मागंच पाहिजे होतं."

लोक काही वेळ त्या चाकाचा विचार करत राहिले. एकटंच रस्त्याने येत असलेलं.

"पण ते मागं राहू शकत न्हाई," केवळा म्हणाली. "छोटा दांडा लावला की पुढची-मागची चाकं बांधली जातेत. चिखलात एखादं घसरतं, म्हणून चालतं. डांबरावर घसरत न्हाई. मग ओढाताण होती. कुठं, ते माणिकराव आजोबा सांगतील. त्यांनी लय गाड्या जुंपल्यात."

माणिकराव इतका वेळ डोळे मिटून बसले होते. सगळ्यांना वाटत होतं त्यांना झोप लागली आहे. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "दिनकर, एका बाजूला थोराड बैल आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्हा जुंपून चाळीस किलोमीटर पळवलंस, तर मोडंल काय?"

दिनकररावांनी फेटा सारखा केला. लहानपणी त्यांनी स्वतः औत हाकलं होतं.

"जू," ते शेवटी म्हणाले.

"जीपचं जू कुठं असतं, रायभान?"

"मधल्या डब्यात," रायभान म्हणाले. "तिथलेच दाते गेलेत."

आता पारावर कुणी हसलं नाही. दिनकररावांनी घसा साफ केला. इकडे-तिकडे बघितलं.

"बरं. झालं गेलं. कळलं न्हाई मला. रायभान, चावी ठेव तुझ्याजवळच. चला, उठा सगळे, चहा घेऊ."

लोक उठायला लागले. सगळं गोड झालं असं आश्रुबालाही वाटलं. पण रायभान जागचे हलले नाहीत. त्यांनी चावी दिनकररावांच्या खुर्चीवर ठेवली आणि मागे सरकून हात बांधून उभे राहिले.

"मालक, चार वाजता पारावर माफी ठरली होती."

"अरे, आता तुला कोण माग म्हणायलंय?"

"मला न्हाई," रायभान म्हणाले. "पण गाव कामधंदा सोडून आलंय. ठरल्याली माफी झाल्याबिगर मी चावी उचलत न्हाई."

केवळाने वडिलांकडे बघितलं. त्यांची मान सवयीने हलायला लागली होती. पण ते 'हो' म्हणत नव्हते. उठलेले लोक परत खाली बसले.

दिनकररावांनी चुलत्यांकडे बघितलं. चुलत्यांनी परत डोळे मिटले होते. बायकोकडे बघितलं. ती चिंध्या मोजत होती. मुलाकडे बघितलं. बन्सीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती.

दिनकरराव उभे राहिले. "चुकलं माझं," ते पुटपुटले. "रायभानवर खोटा आळ घेतला."

मागच्या रांगेत तानुबाई बसल्या होत्या. शेजारच्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी त्यांना घरबसल्या ऐकू येई. त्यांनी कानामागे हात धरला.

"मला न्हाई ऐकू आलं, बाबा."

दिनकररावांनी परत म्हटलं.

"वारा हाय ना," तानुबाई म्हणाल्या. "उडून जायलंय."

वारा अजिबात नव्हता. दिनकररावांनी फेटा काढून हातात घेतला आणि तिसऱ्यांदा असं काही खणखणीत म्हटलं, की फाट्यावर बाभळीखाली पेंगलेले चाचा दचकून ओरडले, "मैं कुछ नै बोल्या."

"आता आलं," तानुबाई म्हणाल्या. त्यांनी केवळाला जवळ ओढून तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "लय गुणाची लेकरं गं बाई."

माणिकराव म्हणाले, "गणित बरोबर हाय बन्सीचं. आणि घरातल्या माणसाला न्हाई म्हणायला जास्त छाती लागती." मग त्यांनी आश्रुबाकडे बघून बराच विचार केला आणि म्हणाले, "हेबी बरं हाय."

रायभाननी खुर्चीवरची चावी उचलली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली. मग ते रस्त्याच्या कडेला गेले आणि मोठं चाक उभं करू लागले.

"आबा, मी ढकलते," केवळा धावली.

"न्हाई," रायभान म्हणाले. स्वतःच्या तोंडून हा शब्द ऐकून ते जरा थांबले. त्यांना तो आवडला असावा, कारण चाक ढकलत गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तो त्यांनी हळू आवाजात आणखी दोन-तीनदा म्हणून बघितला.