बिनफडक्याची बरणी

"दादासाहेब, काकूंची माती झालेली नाही," डॉ. शर्वरी नाझरे म्हणाल्या.

दादासाहेब वडगावकरांनी काठी प्रयोगशाळेच्या टेबलाला टेकवली आणि ते सावकाश खुर्चीत बसले. पाटबंधारे खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. धरणाला गळती लागल्याच्या बातम्यासुद्धा त्यांनी भुवई न हलवता ऐकल्या होत्या. पण ही बातमी त्यांच्या बायकोची होती. उद्या सकाळी माती घेण्याचा विधी ठरला होता. पुण्याहून मुलगी येऊन थांबली होती, समाजाच्या सगळ्या घरांना निरोप गेले होते, आणि आज दुपारी डॉक्टरबाईंनी त्यांना एकट्यालाच बोलावून घेतलं होतं.

"झालेली नाही म्हणजे? उशीर लागेल?"

"उशीर असता तर मी फोनवरच सांगितलं असतं. प्रक्रिया थांबलीय. देह अर्धवट अवस्थेत आहे."

समोरच्या काचेपलीकडे पुरुषभर उंचीचे मृदाकुंभ ओळीने उभे होते. त्यांतल्या एकात कमलिनीबाई होत्या. जाताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: माझी माती परसातल्या शेवग्याला घाला. त्या शेवग्याच्या शेंगा सगळी आळी न विचारता काढून न्यायची आणि बाईंना त्याचं मोठं कौतुक होतं.

साताऱ्यात हे मृदासंस्कार केंद्र निघालं तेव्हा लोकांनी त्याचं नाव 'खतघर' ठेवलं होतं. सरपणासाठी झाडं तोडायला बंदी आली होती, नदीत राख सोडायला मनाई झाली होती आणि विद्युतदाहिनीपुढे ताटकळावं लागत होतं. तरी कुणी इकडे फिरकत नव्हतं. "मेल्यावर काय आम्हाला वांग्यांना घालणार?" असं लोक सरळ तोंडावर विचारत. भुसा, पालापाचोळा आणि जीवाणूंचा एक संच यांच्या साहाय्याने सव्वा महिन्यात देहाची स्वच्छ, काळीभोर माती होते, हे डॉ. नाझरे सभा घेऊन घेऊन सांगत. लोक चहा पिऊन घरी जात. नगरपालिका बेवारस प्रेतं मात्र इकडे पाठवी, कारण त्यांच्या वतीने नाही म्हणायला कुणी नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट फुटली. जीवाणूंच्या त्या संचाला शास्त्रज्ञ बीजसंवर्ध म्हणत. एका देहाची माती पुरी झाली की तिच्यातली बरणीभर बाजूला काढायची आणि पुढच्या कुंभात घालायची, अशी ती पद्धत होती. लोकांनी त्याला लगेच विरजण म्हणायला सुरुवात केली आणि मग एकच गहजब झाला. कोणाचं विरजण कोणाला? आमच्या वडिलांच्या कुंभात कुठल्या भिकाऱ्याची माती?

त्यावर तोडगा काढला तो दादासाहेबांनीच. ते समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते. आमच्या समाजाचं विरजण वेगळं ठेवा, आम्ही येतो, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. "मेल्यावर तरी माणूस आपल्या माणसांत असावा," हे त्यांचं वाक्य सभेत गाजलं. टाळ्या थांबता थांबेनात. घरी आल्यावर कमलिनीबाई म्हणाल्या होत्या, "दही लावायला मी शेजारून विरजण आणते, ते बरं गोड लागतं तुम्हाला!"

"दही वेगळं, माणूस वेगळा."

"कसा वेगळा, ते तरी सांगा."

दादासाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. बाईंशी वादात हरायची वेळ आली की ते नेहमीच वर्तमानपत्र उघडत.

डॉ. नाझरे त्या वेळी खूप भांडल्या होत्या, पण केंद्राला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा त्यांनी मान तुकवली. दादासाहेबांचा समाज आला आणि मग मेंढरांमागून मेंढरं यावीत तसे एकेक करून सगळेच आले, प्रत्येक जण आपली अट घेऊन. आता भिंतीलगतच्या फडताळात चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला वेगळ्या रंगाचं फडकं. वडगावकरांचं मोतिया, बापूसाहेब मसूरकरांच्या समाजाचं डाळिंबी. जांभळं होतं, पोपटी होतं. पाहुण्यांना ती रांग दाखवताना दादासाहेबांची छाती फुलायची.

"कुठे चुकलं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तितका खणखणीत निघाला नाही.

"तुम्ही अभियंते आहात, म्हणून नीट सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "विरजण म्हणजे एक जीवाणू नव्हे. त्यात हजारो जाती असतात. एक स्नायू फोडतो, एक चरबी, एक केस. आणि माणूस काही नुसत्या हाडामांसाचा नसतो. त्याने जन्मभर खाल्लेलं अन्न, घेतलेली औषधं, तो ज्या गल्लीत राहिला तिथली धूळ, असं सगळं त्याच्या देहात असतं. प्रत्येक देह विरजणाला काहीतरी नवं शिकवतो. देहाबरोबर आलेले जीवाणूही त्यात मिसळतात. पण ज्याला काम मिळत नाही, तो विरजणात टिकत नाही."

"मग आमच्या विरजणाला काम कमी पडलं?"

"एकसारखं पडलं. तुमची घरं जवळजवळ, जेवण सारखं, लग्नं आपसांत. तुमच्या निम्म्या समाजाचा डॉक्टरही एकच. त्याच त्या गोळ्या. त्यामुळे दर खेपेला काही जाती गळत गेल्या."

"एकाच ओढ्यावर भरणारं तळं," ते म्हणाले. "तो ओढा आटला की संपलं. असं तळं मी कधी मंजूर केलं नसतं."

"काकूंना गेल्या वर्षी संधिवातावर ते नवं इंजेक्शन चालू होतं. त्याचा अंश देहात राहतो आणि विरजणाला मारतो. तो अंश फोडणारी जात तुमच्या बरणीत उरलेली नाही."

"मग देहाला अग्नी देऊ."

"या अवस्थेत कुंभ उघडून देह हलवता येणार नाही. मी ते करू देणार नाही आणि तुम्हालाही ते बघवणार नाही."

"आणि तसंच ठेवलं तर?"

"तर माती होणार नाही. कुजेल नुसतं."

तो शब्द ऐकून दादासाहेबांनी डोळे मिटले. बावन्न वर्षांच्या संसारात ते बायकोला कधी कडू शब्द बोलले नव्हते असं नाही, पण त्यांनी तिला कुठे ताटकळत मात्र ठेवलं नव्हतं. आता ती त्या कुंभात अडकली होती, ना इकडची ना तिकडची, आणि तेही त्यांनीच गाजवलेल्या एका वाक्यापायी. त्यांना विलक्षण शरम वाटली.

"उपाय असल्याशिवाय तुम्ही मला बोलावलं नसतं," ते म्हणाले.

डॉ. नाझरे उठल्या आणि फडताळाच्या अगदी खालच्या कप्प्यातून एक बरणी घेऊन आल्या. तिच्यावर फडकं नव्हतं, नुसतं झाकण होतं.

"हे बेवारसांचं विरजण. यात सगळं आहे. स्टेशनवर गेलेले, हमरस्त्यावर सापडलेले, सरकारी दवाखान्यात महिनोन्‌महिने औषधं खाल्लेले, घरातून रागाने निघून गेलेले लक्षाधीशसुद्धा. कुठकुठल्या प्रांतांतले. त्यांच्यात कुणाला मिसळायचं आणि कुणाला नाही, हे सांगायला कधीच कुणी आलं नाही. म्हणून ते जसंच्या तसं ताकदवान राहिलं. आजच्या आज घातलं तर पंधरवड्यात काकूंची माती होईल. पण तुमच्या संमतीशिवाय मी घालणार नाही. तसा शब्द दिलाय मी तुम्हाला."

दादासाहेबांनी झाकण काढलं. आतून पहिल्या नांगरटीनंतर शेतातून येतो तसा वास आला. यात नेमकी कुणाची माती आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी बरणी बराच वेळ मांडीवर धरून ठेवली. समाजाला काय वाटेल हा विचार मनात आला आणि त्याच्या मागोमाग शेवग्याखाली शेंगा वाटत उभी असलेली बायको आठवली.

"घाला," ते म्हणाले. "पण बाई, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

"नाही जाणार."

"उद्याच्या लोकांना काय सांगू?"

"थंडीमुळे प्रक्रिया मंदावली, असं सांगा. केंद्राकडून तसं पत्रक काढते. लोकांना पटतं."

दादासाहेब काठीला हात घालत होते, ते थांबले. "लोकांना पटतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

डॉ. नाझरे बरणीचं झाकण लावू लागल्या, नको इतक्या काळजीपूर्वक.

मागच्या पौषात मसूरकरांच्या थोरल्या भावाची माती लांबली होती, थंडीमुळे. जांभळ्या फडक्यावाल्यांच्या मास्तरांची लांबली ती वैशाखात, तेव्हा उन्हाळ्यामुळे. पोपटीवाल्यांच्या वेळी हवेत दमटपणा होता. या सगळ्या निमित्तांवर दादासाहेबांनी मान डोलावली होती. साताऱ्याच्या हवेला सगळा दोष देऊन सारं शहर मोकळं झालं होतं. एक तळं ज्या कारणाने आटतं त्याच कारणाने बाकीचीही आटणार, एवढा हिशेब त्यांच्यासारख्या माणसाला आधीच सुचायला हवा होता.

ते उठून फडताळापाशी गेले. डाळिंबी फडक्यावर त्यांनी बोट ठेवलं, मग जांभळ्यावर, मग पोपटीवर.

"या सगळ्यांत?"

"मी प्रत्येकाला शब्द दिलाय, दादासाहेब. तुम्हालाही आत्ताच दिला."

"कमलिनीची माती झाल्यावर आमच्या बरणीत जी भरेल, ती..."

"काकूंच्या कुंभातलीच भरेल. पद्धतच ती आहे."

म्हणजे फडकी तेवढी वेगळी उरली होती. आत सगळीकडे एकच विरजण होतं, ज्यांना मेल्यावर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं अशा माणसांचं. आणि प्रत्येक समाजाचा अध्यक्ष आपल्या एकट्यावरच ही वेळ आली असं समजून, हे गुपित पोटात घेऊन गावात फिरत होता. दादासाहेबांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"एकच बरणी उरली होती तर," ते म्हणाले. "आमची."

"हो. तुमचा समाज फार शिस्तीचा, नवं औषध चटकन घेत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पंधरवड्यानंतर माती घेण्याचा विधी झाला. पूर्वी राख सावडायला जसे जवळचेच लोक जात, तशी इथेही रीत पडली होती: आपल्या समाजाचे लोक कुंभाभोवती आणि बाकीचे भेटायला आलेले दाराबाहेर. कमलिनीबाईंना ओळखणारं सारं गावच लोटलं होतं. दाराबाहेर पहिल्या रांगेत बापूसाहेब मसूरकर, जांभळ्या फडक्यावाल्या मास्तरांचे चिरंजीव, पोपटीवाले वकील आणि आणखी काही पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष होते.

माती काळीभोर आणि भुसभुशीत झाली होती. मुलीने पहिली मूठ घेतली आणि तिला हुंदका आवरेना. दादासाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग रिवाजाप्रमाणे तांब्या उचलून त्यांनी मातीवर पाणी सोडलं आणि मोठ्याने म्हणाले, "कमलिनी यशवंत वडगावकर."

एवढ्यावर तांब्या खाली ठेवायचा असतो. त्यांनी ठेवला नाही.

"आणि जे बेवारस गेले, ज्यांचं नाव आम्हाला ठाऊक नाही," ते म्हणाले, "त्या सगळ्यांना."

त्यांनी दुसरी धार सोडली. आतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको गेल्यापासून दादासाहेब जरा हळवे झालेत, असं कुणीतरी कुजबुजलं. दाराबाहेर मात्र बापूसाहेब मसूरकरांनी झटकन टोपी काढली आणि हात जोडले. त्यांनी शेजारी पाहिलं, तर मास्तरांच्या चिरंजीवांचेही हात जोडलेले होते. त्यांच्या पलीकडे वकिलांचेही. पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाने आळीपाळीने दुसऱ्याच्या हातांकडे पाहिलं आणि बराच वेळ कुणाचेच हात खाली आले नाहीत.

"बाहेर का उभे?" दादासाहेब म्हणाले. "आत या. एकेक मूठ घ्या."

ते सगळे आत आले.